बचतगटाच्या युनिटमध्ये दिव्यांग तरुणांना खरं, बारमाही काम कसं द्यायचं?

सोनचाफा

नमस्कार मंडळी.

कुडाळ तालुक्यात आमच्या प्रभागसंघाचं, म्हणजे बचतगटांच्या संघाचं, छोटं प्रक्रिया युनिट आहे. कोकमाची सोलं, आगळ, मालवणी मसाला आणि कुळथाचं पीठ पॅक करून विकतो. आठ बायका कामाला आहेत. दोन किलोमीटरवर एक काजू कारखाना आहे, तिथे माणसं कायम कमीच पडतात.

वाडीतल्या तिघांना काम द्यायचं ठरवलंय.

१. मुलगा, वय २४, बौद्धिक अक्षमता. दहापर्यंत आकडे म्हणतो, पण वस्तू मोजता येत नाहीत. एक काम सांगितलं की करतो, दोन एकदम सांगितली की थांबतो. वस्तू ओळीत लावायला आवडतं.
२. बाई, वय २९, पूर्ण अंध, दहावी पास. साधा फोन सफाईने वापरते. घराबाहेर एकटी पडत नाही.
३. मुलगा, वय २१, जन्मापासून कर्णबधिर. खुणांची भाषा चांगली आहे, मराठी वाचताना अडखळतो.

ज्याला विचारावं तो पणत्या, मेणबत्त्या, कागदी पिशव्या सुचवतो. पंधरा दिवसांचं प्रशिक्षण, प्रमाणपत्र, फोटो, आणि नंतर माणूस परत घरात. आम्हाला मजुरीचं, वर्षभराचं काम हवंय. कोणाला कुठे बसवावं, शिकवावं कसं, मजुरी कशी धरावी? आणि काम सुरू केलं तर निराधारचे पैसे बंद होतील, ही घरच्यांची भीती कितपत खरी आहे?

---

पायरी_पायरी

सोनचाफाताई, मी पहिल्या मुलाबद्दल लिहिते, तेच माझं काम आहे.

पणत्या दिवाळीला विकल्या जातात, त्याही बऱ्याचदा दयेपोटी. माघ-फाल्गुनात काय करायचं, याचं उत्तर कुणाकडे नसतं. तुमच्याकडे चालू युनिट आहे, बांधलेलं गिऱ्हाईक आहे. त्यातलंच काम फोडून त्याची जागा शोधा.

पहिला आठवडा त्याला काहीही शिकवू नका. दोन सकाळी त्याच्या घरी आणि एक सकाळ युनिटमध्ये नुसतं बघा. कोणता हात वापरतो, एका जागी किती वेळ बसतो, चक्कीच्या आवाजाने कावराबावरा होतो का, संडासला स्वतः जातो का, वाट ओळखतो का, कशाने बिनसतं. त्याच आठवड्यात युनिटमधल्या एका पूर्ण दिवसाचं काम मिनिटांत लिहून काढा. मसाला भाजणारी, हाताला चव असलेली बाई रोज तासभर लेबलं चिकटवण्यात आणि पाकिटं मोजण्यात घालवते, असं हमखास निघतं. तो तास म्हणजे या मुलाची जागा. त्या तासाला युनिटला पैसे पडतात, म्हणून त्याच्या मजुरीलाही आधार आहे.

मसाल्यापासून सुरुवात करू नका. तिखटाचा हात एकदा डोळ्याला गेला की तो मुलगा महिनाभर युनिटची पायरी चढणार नाही. सोलं चिकट असतात आणि एकेक जड सोल टाकलं की काटा उडी मारतो. कुळथाचं पीठ घ्या: कोरडं, हाताला न झोंबणारं आणि बारा महिने चालणारं.

अर्ध्या किलोच्या पाकिटाच्या साधारण बारा पायऱ्या होतात. हात धुऊन टोपी घालणं. पाकीट उघडणं. स्टँडमध्ये अडकवणं. नरसाळं लावणं. दोन मापं ओतणं. नरसाळं काढून पाकीट वजनाला ठेवणं. चमच्याने कमी-जास्त करणं. पाकिटाच्या तोंडाची आतली कड कोरड्या फडक्याने पुसणं. सीलिंग मशीनमध्ये धरून दांडी दाबणं. थांबून सोडणं. पाकीट उलटं करून दाबून बघणं. खोक्यात ठेवणं. तुमच्या टेबलावर यात फरक पडेल, म्हणून आधी स्वतः वीस पाकिटं भरा आणि मग पायऱ्या लिहा. डोक्यातून लिहिलेल्या यादीत एखादी पायरी सुटते आणि घोडं नेमकं तिथेच अडतं.

शिकवायचं शेवटाकडून. पहिले अकरा टप्पे तुम्ही करा, बारावा त्याचा. म्हणजे पहिल्याच दिवशी पाकीट त्याच्या हातून पुरं होतं. तीन दिवस बारावी पायरी न सांगता जमली की अकरावी द्या. असं मागे मागे यायचं. सातवी पायरी, वजन जुळवणं, सगळ्यात अवघड आहे. ती कायम दुसऱ्या बाईकडे राहिली तरी काही बिघडत नाही.

आता साधनं. मोजता येत नाही म्हणून अडून बसू नका. खोक्यात पुठ्ठ्याचे २० खण करा. सगळे खण भरले की २० झाले. लेबल तिरकं लागत असेल तर लाकडी फळीवर पाकिटाच्या मापाची चौकट ठोका आणि लेबलाच्या जागी कापलेली खिडकी बसवा. वजनाला दोन पारड्यांचा तराजू घ्या. एका पारड्यात भरलेलं नमुन्याचं पाकीट, दुसऱ्यात त्याचं. दोन्ही सारखी झाली की झालं, आकडा वाचायला नको.

सीलिंग मशीनवर थोडं थांबून लिहिते, कारण परत येणारा माल बहुतेक तिथेच बिघडलेला असतो. मशीनच्या तापणाऱ्या तारेच्या जागी पिठाचा कण राहिला की सील वरून छान दिसतं आणि वाहतुकीत उघडतं. म्हणून कड पुसण्याची पायरी वेगळी शिकवा, ती भरण्याच्या पोटात ढकलू नका. उष्णतेचं बटण कमीपासून एकेक घर वाढवत न्या. पाकीट न सुरकुतता घट्ट धरतं तो आकडा सापडला की तिथे लाल टेप लावा. मशीनचा दिवा गेल्यावर दांडी लगेच उचलली तर प्लास्टिक अजून मऊ असतं आणि सील सुटतं. दोन-तीन सेकंद थांबावं लागतं. सेकंद मोजता येत नसतील तर दिवा गेला की मनात 'गणपती बाप्पा मोरया' म्हणायचं आणि मग दांडी सोडायची. अगदी बरोबर वेळ जातो.

सांगणं कमीत कमी ठेवा. एकदा सांगा आणि पाच सेकंद खरंच गप्प राहा. नाही जमलं तर बोटाने दाखवा. तरी नाही तर त्याला विचारून, मागे उभं राहून हात धरून करून घ्या. हाताची मदत काढून घेणं सोपं असतं. 'आता हे कर, आता ते कर' ही तोंडी मदत काढणं सगळ्यात कठीण, कारण तो पाकिटाकडे बघायचं सोडून तुमच्या आवाजाची वाट बघू लागतो.

भिंतीवर एक कागद लावा: डावीकडे बारा पायऱ्या, वर तारखा. स्वतः केलं तर टिक, मदत लागली तर गोल. एकाच पायरीवर सलग पाच दिवस गोल आला तर मांडणी चुकली आहे असं धरा. टेबल उंच आहे, चौकट सैल आहे, पाकिटं एकमेकांना चिकटतात, असं काहीतरी सापडतं.

शिकवायला आईला बसवू नका. आई शेजारी असली की अर्धं काम आईच करते, आणि बाकीच्या बायका त्याच्याशी बोलण्याऐवजी आईशी बोलतात. शेजारची एक सहकारी ठरवा आणि पहिले दोन महिने तिला रोज एका तासाची जादा मजुरी द्या. ती नगावर काम करत असेल आणि शिकवण्यात तिची पाकिटं कमी पडली, तर पंधरा दिवसांत तिचा जीव नकोसा होईल आणि राग त्या मुलावर निघेल.

पहिले दोन आठवडे दिवसाला दोनच तास. मग दर आठवड्याला अर्धा तास वाढवा.

---

बोर्मा

पायरीताईंचं सगळं पटलं, तराजू सोडून. पॅकिंगच्या टेबलावर पंखा असतो, पारडं हलत राहतं आणि हा मुलगा ते थांबायची वाट बघत बसतो. पाकिटामागे आठ-दहा सेकंद जातात. माझ्या मते डिजिटल काटाच ठेवा आणि पडद्याशेजारी हव्या त्या आकड्याची मोठी चिठ्ठी चिकटवा. वाचायचं नाही, चित्रासारखं जुळवायचं. मात्र पाकिटाचं स्वतःचं वजन आधी शून्य करून घ्या, नाहीतर प्रत्येक पाकिटात तेवढं पीठ कमी जाईल.

दुसरं, मापावर विसंबू नका. ताजं चाळलेलं पीठ हलकं असतं. तेच पिंपात दोन दिवस राहिलं की दबतं आणि त्याच मापात जास्त बसतं. पिंप बदललं की माप परत तपासा.

आता तिसऱ्या मुलाबद्दल. काजूच्या कामात ऐकू न येण्याने फारसं काही अडत नाही, पण कोणत्या टेबलावर बसवता याने मजुरीत फरक पडतो. मालकाशी बोलायच्या आधी कामाची उतरंड माहीत असू द्या. बी वाफवतात, थंड करतात, कापतात, गर काढतात, बोर्म्यात (वाळवायच्या भट्टीत) वाळवतात, वरचं तांबडं साल सोलतात आणि मग प्रतवारी करतात. नवीन माणसाला, त्यातून दिव्यांग असेल तर नक्कीच, साल सोलायला बसवायची सवय आहे. बसून करायचं, सोपं दिसणारं काम. पण ते किलोवर असतं आणि सुरुवातीला हाताला वेग नसतो, म्हणून महिनाअखेर हातात अगदी थोडे पैसे येतात आणि माणूस सोडून जातो. तुमचा मुलगा धडधाकट हातापायाचा आहे. त्याला कटिंग शिकवा, असं आग्रहाने सांगा.

हातापायाच्या कटिंग मशीनमध्ये बी पात्यांच्या मध्ये धरायची, पायाने दांडी दाबायची आणि हाताच्या दांडीने टरफल उघडायचं. यात तीन गोष्टी बिघडतात. बी आडवी बसली की गराचे तुकडे होतात, आणि अख्खा गर व तुकडा यांच्या भावात मोठी तफावत आहे. पात्यातलं अंतर बीच्या आकाराला जुळलं नाही तरी तेच होतं, म्हणून कापायच्या आधी बी आकाराप्रमाणे चाळलेली हवी. आणि टरफलातलं तेल कातडी भाजतं. हाताला तेल किंवा राख लावून काम करायची पद्धत आहे, मोजे मिळाले तर उत्तम. पण हे आधी दाखवून द्या. बाकीचे बोलता बोलता एकमेकांकडून शिकतात, त्याच्या कानावर ते पडत नाही. भाजल्यावर कळतं.

ऐकू न येणाऱ्या कामगाराचं खरं नुकसान अशा न सांगितलेल्या गोष्टींत होतं. उद्या सुट्टी, आज उशिरापर्यंत काम, दर बदलला, हे सगळं मालक ओरडून सांगतो. दारावर एक फळा लावा: उद्याची वेळ, आजचा दर, सुट्टी. तो वाचताना अडखळतो, तर आकडे आणि चित्रं वापरा. सूर्य, चंद्र, घड्याळाचे काटे. जन्मापासून ऐकू येत नसेल तर खुणांची भाषा हीच पहिली भाषा असते आणि मराठी परकी. लिहून दिलं म्हणजे कळलं, असं समजू नका. अवघड बोलणं असेल तेव्हा खुणांची भाषा जाणणाऱ्या माणसाला व्हिडिओ कॉलवर घ्या. त्याच्या जुन्या शाळेतले शिक्षक बहुधा तयार होतात.

सुरक्षेचं: त्याची जागा दाराकडे तोंड करून ठेवा. बॉयलर किंवा वाफेच्या भांड्याकडे पाठ नको. वीज जाणं-येणं, आग, गाडी मागे घेणं, यासाठी एक दिवा आणि एक ठरलेला माणूस. बोलवायचं तर समोरून हात हलवून, नाहीतर खांद्यावर हलकं थोपटून. वस्तू फेकून लक्ष वेधायची सवय काही ठिकाणी असते, ती पहिल्या दिवशी बंद करा.

मालकाला शंका असेल तर सिंधुदुर्गातच 'स्वप्ननगरी' बघून यायला सांगा. नसीमा हुरजूक यांनी उभ्या केलेल्या कोल्हापूरच्या हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड संस्थेने तिथे दिव्यांग कामगारांना घेऊन काजू प्रक्रिया चालवली. डोळ्यांनी पाहिलेलं लवकर पटतं.

---

सोनचाफा

खूप खूप आभार. काजू कारखान्यात आम्ही सोलण्याचंच बोलून आलो होतो, कटिंगचं सांगायला उद्याच परत जाते.

बाईंबद्दल कुणी सांगेल का? आमच्या डोक्यात पाकिटं पुसणं, निवडणं असं काहीतरी होतं.

---

पांढरी_काठी

ताई, दहावी झालेली आणि फोन सफाईने वापरणारी बाई पाकिटं पुसायला कशाला? युनिटचे ऑर्डरचे फोन कोण घेतं? बहुधा जिचे हात पिठात आहेत ती. ते काम यांना द्या: ऑर्डर घेणं, उधारीची आठवण करणं, दुकानदारांना माल पोचला का विचारणं. तुमच्या विक्रीला याचा थेट उपयोग आहे.

त्यासाठी स्मार्टफोन आणि त्यातलं टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारी सोय. सेटिंगमध्ये शॉर्टकट चालू करून ठेवला की आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद दाबून ते सुरू-बंद होतं. एक बोट उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट बोलून दाखवतं, दोनदा टिचकी मारली की उघडतं. पहिल्याच दिवशी सगळं दाखवू नका. पहिला आठवडा फक्त फोन घेणं, लावणं आणि संपर्क शोधणं. दुसरा आठवडा व्हॉट्सॲपचे आवाजी निरोप. टाइप करणं त्यानंतर. तोवर ऑर्डर आवाजात नोंदवून पाठवली तरी चालते: नाव, गाव, माल, नग, याच क्रमाने, म्हणजे लिहून घेणारीची चूक होत नाही. शिकताना घरची माणसं फोन हातातून काढून घेऊन 'थांब, मी करून देते' म्हणतात. त्यांना हात जोडून सांगा, असं करू नका.

रोख पैसे त्यांच्या हाती येणार असतील तर नोटांची पट्टी करून द्या. हल्लीच्या नोटा लांबीने वेगळ्या आहेत: १० ची १२३ मिमी, २० ची १२९, ५० ची १३५, १०० ची १४२, २०० ची १४६, ५०० ची १५०. जाड प्लास्टिकची पट्टी घ्या, एका टोकाला आडवी कड चिकटवा आणि या मापांवर खाचा पाडा. नोट कडेला टेकवून कुठल्या खाचेला संपते ते बोटाला कळतं. १०० आणि २०० मध्ये चारच मिलिमीटर आहेत, म्हणून खाचा धारदार हव्यात, नुसती रेघ चालत नाही. आणि एक फसवी जागा: जुनी २० ची नोट १४७ मिमी लांब आहे, म्हणजे नव्या २०० ला खेटून. ती ओळखायची रुंदीवरून. जुनी २० ची ६३ मिमी रुंद, २०० ची ६६. पट्टीच्या दुसऱ्या कडेला या दोन रुंदींच्या खाचाही पाडा. १०० पासून वरच्या नोटांवर उठावाच्या खुणा आहेत, १०० वर त्रिकोण, ५०० वर वर्तुळ, पण मळक्या नोटेवर त्या लागत नाहीत. रिझर्व्ह बँकेचं 'मनी' नावाचं ॲपही नोट ओळखून बोलून सांगतं. काउंटरवर गर्दीत मात्र पट्टीच लवकर काम देते. क्यूआरचे पैसे आले की रक्कम बोलणारा स्पीकर असेल तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

पण सगळ्यात आधी वाट. एकटी बाहेर पडत नाही म्हणालात. रोज भावाने सोडायचं आणि आणायचं ठरलं तर भावाला कापणी लागली की काम बंद. पांढरी काठी घेऊन चालायला रीतसर शिकावं लागतं. नॅब या अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या महाराष्ट्र शाखेचं केंद्र नाशिकला आहे, तिथे जवळच्या प्रशिक्षकाची चौकशी करा. काठी उभी धरली की छातीच्या मध्यापर्यंत यावी. कमरेएवढी काठी खड्डा वेळेत सांगत नाही. घर ते युनिट ही एकच वाट आधी पक्की करा: कुठे डांबर संपून चिरे लागतात, कुठे ओहोळाचा आवाज येतो, कुठे गिरणी. आणि पावसाळ्यात पागोळ्यांच्या नि ओहोळाच्या आवाजात बाकी खुणा बुडतात, म्हणून जूनमध्ये तीच वाट पुन्हा चार दिवस सोबत चालायची.

युनिटमध्ये वस्तूंच्या जागा बदलू नका. टेबल सरकवलं, पिंप वाटेत ठेवलं, तर तोंडाने सांगा. अर्धवट उघडं दार सगळ्यात वाईट, कपाळाला लागतं. दार पूर्ण उघडं नाहीतर पूर्ण बंद.

---

दाखला_खिडकी

कागदांचं मी सांगतो.

सगळ्याची किल्ली म्हणजे यूडीआयडी कार्ड, दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. स्वावलंबन कार्डच्या संकेतस्थळावर अर्ज करायचा, मग रुग्णालयात तपासणी. कार्डावर ४० टक्क्यांखाली पांढरी पट्टी, ४० पासून ८० च्या आत पिवळी, ८० पासून पुढे निळी. बहुतेक योजनांना किमान ४० टक्के लागतात. अर्ज अडतो तो नावापायी. आधारवर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, रेशनकार्डावर तिसरं. आधी आधार दुरुस्त करा, मगच अर्ज भरा. बौद्धिक अक्षमतेच्या तपासणीला मानसशास्त्रज्ञ लागतो. तो कोणत्या वारी असतो हे फोन करून विचारल्याशिवाय त्या मुलाला घेऊन जाऊ नका. चार तास रांगेत बसून परत यायचं म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे.

निराधारची भीती. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून दरमहा २,५०० रुपये आहेत. योजनेला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आहे, म्हणून भीती अगदीच बिनबुडाची नाही. तहसीलमधल्या संजय गांधी शाखेत जाऊन आजची मर्यादा काय आणि तुमच्या घराचा उत्पन्नाचा दाखला किती, हे दोन आकडे कागदावर शेजारी लिहा. मग किती मजुरीपर्यंत काही फरक पडत नाही ते कळेल. मजुरी लपवायचा सल्ला कुणी दिला तर घेऊ नका. पुढे वसुली निघाली तर ती त्या घरालाच भरावी लागते. हिशेब घरच्यांसमोर मांडा आणि निर्णय त्यांना व त्या मुलाला घेऊ द्या.

मजुरी: नगावर असेल तर दर सगळ्यांना एकच. दिवसावर असेल तर तासांप्रमाणे, त्याच दराने. चहा-नाश्ता आणि 'खाऊला पैसे' ही मजुरी नव्हे. पगाराच्या दिवशी बाकीच्यांच्या रांगेत, त्याच रजिस्टरवर सही किंवा अंगठा, आणि पैसे त्याच्या स्वतःच्या खात्यात. बँकेने बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढाच्या खात्यासाठी पालकत्वाचा कागद मागितला, तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याची स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमते. समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. त्याच न्यासाची 'निरामय' आरोग्य विमा योजना आहे, एक लाखापर्यंत. तिचाही अर्ज सोबतच करून टाका.

ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. हे पैसे वर्षाखेरीस भांडी नाहीतर सतरंज्या वाटून संपवले जाताना दिसतात. तुम्ही आराखडा बनतानाच, ग्रामसभेत, लेखी मागणी द्या. 'मदत मिळावी' असं मोघम लिहू नका. सीलिंग मशीन १, लेबलाची चौकट १, रॅम्प, कठडा, स्मार्टफोन १, आणि प्रत्येकाची अंदाजे किंमत. वस्तू आणि आकडा लिहिलेला अर्ज बाजूला सारणं अवघड जातं.

प्रभागसंघात असाल तर हेही वापरा: दिव्यांगांचा बचतगट ५ सदस्यांचाही होतो, आणि त्यात पुरुषही चालतात. पुढे बाईंना स्वतःचा धंदा करायचा असेल तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या दिव्यांग अर्जदाराला ३५ टक्के अनुदान आहे, स्वतःचा वाटा ५ टक्के. अनुदान हातात मिळत नाही. ते तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं, तोवर हप्ते भरायचे. हे न समजल्याने बरेच जण अडचणीत येतात.

एसटीत ४० टक्क्यांवरच्या दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सवलत आहे. काजू कारखान्याच्या रोजच्या येण्या-जाण्याला ती मोजून धरा.

---

सोनचाफा

इतकं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. दोनच प्रश्न राहिले. मुलगा मध्येच यायला नाही म्हणाला तर? आणि बाई एकट्या येऊ लागल्या की सुरक्षिततेचं काय, घरच्यांचा मुख्य नकार तिथेच आहे.

---

पायरी_पायरी

आधी सुरक्षितता. घरच्यांची काळजी खरी आहे, तिला 'काही होत नाही' म्हणून उडवू नका. युनिटमध्ये दोन बायका ठरवा, ज्यांच्याशी बाई कधीही बोलू शकतील. एकच ठेवली आणि तीच रजेवर गेली तर कुणीच उरत नाही. संडासाची कडी आतून लागते ना, बघा. येण्याची आणि घरी पोचण्याची वेळ फोनवर कळवायची. कामाच्या ठिकाणी छळ झाला तर तक्रार कुठे करायची हे त्यांना स्वतःला माहीत हवं: दहापेक्षा कमी कामगारांच्या जागेसाठी २०१३ च्या कायद्याखाली जिल्ह्यात स्थानिक समिती असते, पण तुमच्या आठजणींत हे दोघं आले की दहा होतात, मग युनिटचीच अंतर्गत समिती लागते. त्या मुलालाही अंगाला कोण, कुठे हात लावू शकतो हे शिकवा. मुलगा आहे म्हणून सोडून देतात, तसं करू नका.

तो यायला नाही म्हणाला तर आदल्या दोन दिवसांचा कागद काढून बघा. बहुतेक वेळा काहीतरी बदललेलं असतं: शेजारची बाई रजेवर, नवीन पाकिटं, चक्की जवळ सरकवलेली, कुणी रागावलं. कारण सापडलं की तेवढं दुरुस्त करा. सापडलं नाही तर एक दिवस सुट्टी द्या आणि दुसऱ्या दिवशी फक्त शेवटच्या दोन पायऱ्यांसाठी अर्धा तास बोलवा. गणपतीच्या, होळीच्या सुट्टीनंतर हे हमखास होतं. लांब सुट्टीनंतरचे पहिले दोन दिवस कमी तासांचेच धरा. आणि खरंच हे काम त्याला आवडत नसेल तर तेही मान्य करा. त्याला दुसरं काम मागायचा हक्क आहे. ओळीत लावायला आवडतं म्हणालात, तर जून-जुलैत रोपवाटिकेत पिशव्या भरून वाफ्यात मांडायचं काम दाखवून बघा.

बोर्मादादा, तुमचं बरोबर आहे, पंख्याखाली तराजू चालणार नाही. ताई, दोन्ही आणा. आठवडाभर एकेक देऊन बघा आणि ज्याच्यावर गोल कमी येतात ते ठेवा.

आणि सीलिंग मशीन घेताना तारेवरची टेफ्लॉनची पट्टी आणि तारेचे दोन-दोन जादा तुकडे त्याच दुकानातून घेऊन ठेवा. पट्टी जळली की पाकीट चिकटायला लागतं. ती मिळेपर्यंत मशीन चार दिवस बंद राहिलं तर सगळ्यात आधी त्यालाच 'उद्या येऊ नको' सांगितलं जाईल.